मीटर नाही, नळ आठव्या दिवशी येतात. घरात रोज किती पाणी लागतं ते मोजायचं कसं?

वृंदा (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार. आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतात. आले की पाऊण तास, फार तर तासभर. तेवढ्यात हौद भरायचा, मोटर लावून गच्चीवरची टाकी भरायची, मोरीतले दोन मोठे ड्रम भरायचे, प्यायच्या पाण्याच्या कळशा घासून भरायच्या. मी शाळेत शिकवते. नळाचा दिवस शाळेच्या वेळेत आला की अर्धी रजा टाकावी लागते.

घरात आम्ही पाच जण: मी, हे, सासूबाई, नववीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. उन्हाळा लागला की सहाव्या दिवशी संध्याकाळी हौदाचा तळ दिसतो. मग टँकर. ते पाणी बोअरचं असतं. साबणाला फेस येत नाही, स्टीलच्या भांड्यांवर पांढरे डाग बसतात, आणि पैसे जातात ते वेगळेच.

मागच्या आठवड्यात यावरून घरात वाद झाला. पाणी कोण जास्त वापरतं? सगळ्यांनी मुलीच्या शॉवरकडे बोट दाखवलं. ती न जेवता झोपली. मला रात्रभर वाईट वाटत राहिलं, कारण आमच्यापैकी कुणीही काही मोजलेलं नव्हतं. नुसत्या अंदाजावर आम्ही पोरीला रडवलं.

म्हणून हिशेबाला बसले. मीटर नाही, पाणीपट्टी वर्षाची ठरावीक, त्यामुळे बिलावरून काही कळत नाही. हौद आतून ७ फूट लांब, ५ फूट रुंद, आणि पाणी चढतं ५ फूट. म्हणजे १७५ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर धरले तर जवळपास ४,९५० लिटर. गच्चीवरची टाकी १,००० लिटरची. एकूण ५,९५० लिटर सहा दिवसांत संपतं. रोजचे ९९० लिटर, माणशी १९८.

हा आकडा बघून मी पुन्हा गुणाकार केला. केंद्राच्या निकषात शहरातल्या माणसाला रोज १३५ लिटर धरतात. आम्ही बादलीत अंघोळ करणारी माणसं (मुलगी सोडून), गाडी ओल्या फडक्याने पुसतो, बागही नाही. मग हे पाणी जातं कुठे?

प्रत्येक कामाला किती लागतं हे कसं मोजायचं? कुणी असा हिशेब खरोखर केला असेल तर कृपया सविस्तर सांगा.

मांजराकाठ

वृंदाताई, मी लातूरचा. २०१६ चा उन्हाळा या शहरात काढलेला आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

त्या मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी गर्दी करू नये म्हणून इथे १४४ कलम लावलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा टाक्या, एकेकीत पन्नासेक हजार लिटर, म्हणजे सगळे मिळून पाच लाख लिटर. स्टेशनवर लोक बघायला गेले होते, मीही गेलो. घरी येऊन भागाकार केला. २०११ च्या जनगणनेत लातूर शहर पावणेचार लाखांच्या वर होतं. माणशी सव्वा लिटर. एवढी लांब आगगाडी, आणि माझ्या वाट्याला एक तांब्या. तेव्हापासून मला लिटरमध्ये विचार करायची सवय लागली.

आमच्याकडे मोजमाप घागरीचं होतं. प्लास्टिकची घागर, आमची १५ लिटरची. आमच्या घरच्यांनी न्हाणीच्या दाराला खडूने रेघा मारायला सुरुवात केली. घागर उचलली की रेघ. अंघोळीची वेगळी, भांड्यांची वेगळी, संडासची वेगळी. चार दिवसांत कळलं की भांड्यांना अंघोळीपेक्षा जास्त लागतं, कारण वाहत्या धारेखाली खरकटं काढायची सवय होती. मग दोन पराती ठेवल्या. पहिल्या परातीत खरकटं निघायचं, दुसरीत साबण जायचा, आणि शेवटी वरून एक तांब्या. पहिल्या परातीचं पाणी संडासात, दुसरीचं पुढच्या वेळी पहिल्या परातीत. अंघोळ मोठ्या घमेल्यात बसून करायचो. ते पाणी फरशीला.

तुम्हाला एवढं करायची वेळ येऊ नये. पण मोजायची रीत तीच ठेवा. हौदात लाकडी काठी सोडा आणि तिच्यावर इंचाच्या खुणा करा. तुमच्या हौदाचा तळ ३५ चौरस फूट, म्हणजे एक इंच पाणी उतरलं की साधारण ८२ लिटर गेले. सकाळी आणि रात्री काठी बुडवून ओल कुठवर आली ते वहीत लिहा. मोटर कधी लावली तेही लिहा.

माझं मत विचाराल तर गावाकडे नळयोजनेत माणशी ५५ लिटर धरतात, त्यात माणूस व्यवस्थित राहतो. १३५ हा मोठा आकडा आहे.

नळजोड (नाशिक)

मी बावीस वर्षं प्लंबिंगची कामं घेतो. ताई, तुमचा आकडा वाचून माझा संशय माणसांवर नाही, फ्लशच्या टाकीवर आहे.

आधी गळती काढा, बाकीचं मोजणं नंतर. गच्चीवरच्या टाकीचा घेर बाहेरून टेपने सेंटीमीटरमध्ये मोजा. घेराचा वर्ग करून १२.५७ ने भागा, की टाकीच्या तळाचं क्षेत्रफळ आलं. त्याला हजाराने भागलं की पाणी एक सेंटीमीटर उतरल्यावर किती लिटर गेले ते कळतं. टाकीला बाहेरून वळ्या असतात म्हणून थोडं इकडेतिकडे होईल, पण कामापुरतं बरोबर येतं.

रात्री सगळे झोपायच्या आधी मोटर बंद करा आणि टाकीत पट्टी सोडून पातळी लिहा. संडासात दोन बादल्या भरून ठेवा. रात्री कुणी उठलं तर तेच पाणी वापरायचं, नळ उघडायचा नाही, फ्लश दाबायचा नाही. पहाटे उठल्याबरोबर पुन्हा पातळी बघा. एक सेंटीमीटरसुद्धा उतरली असेल तर कुठेतरी गळतंय. हौदाचीही पातळी त्याच वेळी लिहा. मोटर बंद असताना हौद उतरला तर हौदच झिरपतोय.

फ्लशची टाकी तपासायला खायचा रंग लागतो. दिवाळीत बर्फीत घालतो तो चालेल. चिमूटभर टाका, वीस मिनिटं थांबा, फ्लश दाबू नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलंय. हे रबर आवाज न करता गळतं. नळ टपटपला तर कानाला कळतं. हे भांड्याच्या मागच्या भिंतीवरून पातळ पडद्यासारखं उतरतं, डोळ्यालाही दिसत नाही. बोअरचं क्षाराचं पाणी वापरलं की ही रबरं लवकर कडक होतात, आणि तुमच्याकडे टँकरचं पाणी येतंच आहे.

फ्लशचे जुने डबे एका दाबाला १० ते १२ लिटर सोडतात. तुमचा तसा असेल तर एक लिटरची बाटली पाण्याने भरून, बूच घट्ट लावून, आतल्या कुठल्याही दांडीला लागणार नाही अशी उभी ठेवा. वीट ठेवू नका, ती विरघळते आणि तिची माती रबराखाली जाते. आणि दोन बटणांचा नवा डबा असेल, मोठं बटण सहाचं आणि लहान तीनचं, तर बाटलीच्या भानगडीत पडू नका. एकदा दाबून साफ झालं नाही तर माणूस दुसऱ्यांदा दाबतो.

शॉवरचं मोजणं सोपं आहे. २० लिटरची बादली खाली धरा आणि ती भरायला किती वेळ लागतो तो घड्याळावर बघा.

अश्विनी (पुणे)

आमच्या सोसायटीत पाण्याच्या मीटरवरून दोन वर्षं चर्चा चालू होती. एका फ्लॅटला गच्चीवरून चार वेगवेगळ्या उभ्या लाइनी येतात: स्वयंपाकघर, दोन बाथरूम, मागची बाल्कनी. एक मीटर बसवून भागत नाही, चार लागतात. तिथेच खर्चावरून गाडी अडली. तुमचं स्वतंत्र घर आहे, हौद तुमचा, टाकी तुमची. काठीने जेवढं कळेल तेवढं आम्हाला कळणार नाही.

एक सुचवते. पाणी शुद्ध करायचं आरओ मशीन असेल तर त्याची टाकाऊ पाण्याची नळी बादलीत सोडून बघा. आमच्याकडे एक लिटर प्यायच्या पाण्यामागे तीन लिटर मोरीत जात होते. आता ते पाणी फरशीला आणि संडासला वापरतो. कुंड्यांना घालू नका, क्षार साठतात. आणि विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तर आरओची गरजच नसते. धरणाच्या पाण्यात ते बहुतेक वेळा त्याच्या आतच असतात.

वृंदा (छत्रपती संभाजीनगर)

सगळ्यांचे मनापासून आभार. सोळा दिवस झाले, नळाच्या दोन पाळ्या झाल्या. वही समोर घेऊन लिहिते आहे.

आधी गच्चीवरची टाकी. घेर ३४० सेंटीमीटर भरला, म्हणजे एका सेंटीमीटरला ९.२ लिटर. रात्री दहाला पट्टी सोडली, मोटर बंद, दोन्ही संडासांत बादल्या. सकाळी सहाला बघितलं तर सात सेंटीमीटर उतरलेलं. ६४ लिटर! घर झोपेत होतं, कुणी नळाला हात लावला नव्हता. चोवीस तासांचे १९० लिटरच्या वर. आठ दिवसांचे दीड हजार.

नळजोडदादा, तुमचा संशय खरा निघाला. मुलाने खायचा केशरी रंग टाकला. खालच्या संडासात काही नाही. वरच्या संडासात दहा मिनिटांत भांडं केशरी झालं. तो संडास फक्त रात्री वापरला जातो, म्हणून दिवसा तिकडे कुणाचं लक्षच नसतं. नवीन रबर बसवलं. दुसऱ्या रात्री पट्टी जिथे होती तिथेच.

मी मुलीला हाक मारून वही दाखवली. तिचा शॉवरही मोजला होता. मिनिटाला नऊ लिटर, आठ मिनिटं, म्हणजे ७२. कमी नाहीत. पण त्याच्या अडीच पटीहून जास्त पाणी रोज त्या रबराखालून जात होतं आणि बोलणी ती खात होती. मी तिची माफी मागितली. केस धुवायच्या दोन दिवशी शॉवर, एरवी बादली, हे मग तिनेच ठरवलं.

आता एक गोष्ट जी मला मोजल्याशिवाय कधीच दिसली नसती. मोरीतले दोन ड्रम २००-२०० लिटरचे. ते आम्ही अडीअडचणीला म्हणून भरून ठेवतो आणि हातही लावत नाही. सहाव्या दिवशी हौद कोरडा पडला तरी नाही, टँकर बोलावला तरी नाही. आठव्या दिवशी नळ आले की सासूबाई दोन्ही ड्रम अंगणात उपडे करतात, घासतात आणि ताज्या पाण्याने भरतात. ४०० लिटर दर पाळीला गटारात. मी लग्न होऊन आल्यापासून हे बघते आहे, आणि पाण्याच्या हिशेबात ते कधी धरलंच नव्हतं, कारण ते ‘शिळं पाणी’ होतं.

त्यांच्याशी याबद्दल कसं बोलायचं याचा मी दोन दिवस विचार केला. त्यांचं माहेर पैठण तालुक्यातलं. आडावरून रोज पहाटे पाणी शेंदायचं, कालचं पाणी देवाला चालत नसे, प्यायलाही नाही. ती सवय घाणेरड्या पाण्यापासून घर वाचवणारी होती. शिवाय ड्रम रिकामे करणं चूक नाहीच. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि अंडी पाण्याच्या वरच्या कडेला भिंतीला चिकटून कोरडी राहिली तरी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी काढून चालत नाही, ड्रम आतून घासावेच लागतात. आरोग्य खात्याच्या आशाताई घरी येतात तेव्हा हेच सांगतात. आमच्या सासूबाई हे काम कुणी न शिकवता इतकी वर्षं करत आल्या.

मी त्यांना एवढंच म्हटलं, “आई, ड्रम तुम्ही म्हणता तसेच घासू. फक्त पाणी आदल्या दिवशी कपड्यांना वापरू.” त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “चादरी त्याच दिवशी काढत जा.” आता सातव्या दिवशी चादरी, पडदे, पायपुसणी ड्रमच्या पाण्यात. दुपारपर्यंत ड्रम रिकामे, घासून उन्हात पालथे.

आरओची नळी बादलीत सोडली आहे. दिवसाला तीन बादल्या, खालच्या संडासला आणि फरशीला पुरतात. दोन परातींचा प्रयोगही केला. भांड्यांना चार बादल्या लागत होत्या, आता अडीच.

मांजराकाठ सर, तुमचं लातूरचं लिहिलेलं मी नववीच्या वर्गात वाचून दाखवलं. मुलांनी तो सव्वा लिटरचा भागाकार फळ्यावर करून बघितला. पण ५५ लिटरबद्दल मला तुमचं म्हणणं पटत नाही. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना कमोड लागतो. घरात वयात आलेली मुलगी आहे. पाळीच्या दिवसांत तिने पाणी जपून वापरावं असं मी तिला सांगणार नाही. त्या १३५ मध्ये ४५ लिटर नुसते फ्लशचे धरलेले असतात, ही चैन नाही. गळणारं रबर बदलायचं, उपडा होणारा ड्रम वापरायचा. तेवढं करूनही पाणी कमी पडलं तर मग माणसांकडे बघू.

नळाच्या दुसऱ्या पाळीचा हिशेब: रोजचे ७०० लिटर, माणशी १४०. आज आठवा दिवस, नळ संध्याकाळी यायचे आहेत, आणि काठीवर चार इंच ओल आहे. टँकर बोलावला नाही.

एक मात्र राहिलंय. मोटर बंद असतानाही हौद रात्रीत पाव इंच उतरतो. म्हणजे वीस लिटर. झाकण घट्ट आहे. याचं काय करू?

मांजराकाठ

वृंदाताई, मान्य. माझं पंचावन्न हे धडधाकट माणसाचं गणित होतं. २०१६ साली आई अंथरुणाला खिळलेली होती, आणि तिच्या चादरी धुवायला घरच्यांनी स्वतःच्या वाटणीच्या घागरी दिल्या होत्या. त्यांच्या रेघा आम्ही दाराला मारल्याच नव्हत्या. हे मी वर लिहायला हवं होतं.

वर्गातल्या मुलांना माझा आशीर्वाद सांगा.

नळजोड (नाशिक)

ताई, हौद रोज रात्री सारखाच उतरतो, की कमी पाणी असताना उतरायचा थांबतो? वही बघून सांगा. ज्या उंचीला उतरणं थांबलं, त्या उंचीला भिंतीत भेग आहे असं समजायचं. शेवटपर्यंत उतरत राहिला तर तळाला.

वृंदा (छत्रपती संभाजीनगर)

वही बघितली. पहिल्या चार रात्री पाव-पाव इंच. पाचव्या रात्री थोडं कमी. सहाव्या रात्रीपासून काठी हललेलीच नाही. सहाव्या रात्री पाणी २२ इंचांवर होतं.

नळजोड (नाशिक)

मग भेग तळापासून २२ इंच किंवा त्याच्या जरा वर. आत उतरायच्या आधी झाकण तासभर पूर्ण उघडं ठेवा, आणि वर एक माणूस उभा असल्याशिवाय कुणालाही आत उतरू देऊ नका. टॉर्चने त्या पट्टीत बघा, कोपऱ्यांच्या सांध्यावर आधी. ओलसर काळी रेघ दिसेल. साध्या सिमेंटने भरली तर वाळायला दिवस जातील आणि तुमची नळाची पाळी चुकेल. हार्डवेअरच्या दुकानात पाण्यातही पाच मिनिटांत घट्ट होणारी पावडर मिळते, प्यायच्या पाण्याच्या टाकीला चालणारी मागा. भेग छिन्नीने इंचभर खोल उकरायची, ब्रश मारायचा, मळलेला गोळा दाबून धरायचा.

नळ किती वाजता येतात?

वृंदा (छत्रपती संभाजीनगर)

साडेसहाला. आत्ता अकरा वाजलेत. झाकण उघडून ठेवलंय, हे पावडर आणायला गेलेत. तळाचं चार इंच पाणी आम्ही ड्रममध्ये उपसून घेतोय. सासूबाई काठावर खुर्ची टाकून बसल्या आहेत, एक बादलीही मोरीत जाऊ देत नाहीत.